शिकारी पक्ष्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वे

शिकारी पक्ष्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वे हा पक्ष्यांचे शरीरक्रियाशास्त्र, पशुवैद्यक आणि वन्यजीव संवर्धन या तीन शाखांना जोडणारा अभ्यासविषय आहे. गरुड, ससाणे, शिक्रे, घारी, गिधाडे आणि घुबडे यांच्या रक्तात कोणती जीवनसत्त्वे किती प्रमाणात असतात, ते प्रमाण कशामुळे वाढते वा घटते आणि त्यावरून पक्ष्याच्या प्रकृतीविषयी काय सांगता येते, याचा विचार या विषयात केला जातो. मुक्त रानातील निरोगी पक्ष्याच्या रक्तातील प्रमाण हे पिंजऱ्यातील किंवा उपचार केंद्रातील पक्ष्याची पारख करण्याचे माप मानले जाते. मात्र रक्तातील एकाच आकड्यावरून पक्षी सुपोषित की कुपोषित, हे क्वचितच ठरवता येते. प्रत्येक जीवनसत्त्व शरीरात वेगळ्या रीतीने साठवले जाते आणि पक्ष्याने कोणते भक्ष्य खाल्ले, त्याहीपेक्षा ते सगळे खाल्ले की त्याचा तुकडाच खाल्ला, यावर बरेच अवलंबून असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व गिधाडे आणि रानपिंगळा या दोन कारणांनी आहे. त्यांपैकी रानपिंगळ्याचा संबंध नंदुरबार जिल्ह्याशी, म्हणजे खापर, तळोदा, शहादा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्याशी, अगदी निकटचा आहे.

संज्ञेविषयी

आहारातील अत्यल्प पण आवश्यक द्रव्यांना 'व्हिटामिन' हे नाव कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये दिले. या शोधाचा आरंभही पक्ष्यांपासूनच झाला. जावा बेटावर काम करणाऱ्या ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्याला १८९० च्या दशकात असे दिसले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना पायांचा लुळेपणा येतो आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास तो नाहीसा होतो. या कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आज ब१ किंवा थायामिन म्हणून ओळखले जाते ते हेच द्रव्य.

मराठी पाठ्यपुस्तकांत 'क' जीवनसत्त्व म्हणजे लिंबू-आवळ्यातील ॲस्कॉर्बिक आम्ल आणि 'के' जीवनसत्त्व म्हणजे रक्त गोठण्यास लागणारे द्रव्य. एका मात्रेच्या या फरकाने विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तर 'क' जवळजवळ गौण आणि 'के' जीवनमरणाचे आहे, म्हणून हा फरक येथे आरंभीच नोंदवलेला बरा.

जीवनसत्त्व अ आणि कॅरोटिनॉइडे

शाकाहारी प्राणी वनस्पतींतील बीटा-कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ (रेटिनॉल) तयार करतात आणि ते यकृतात साठवतात. शिकारी पक्ष्याला ते बहुतांशी तयार स्वरूपात, म्हणजे भक्ष्याच्या यकृतातून मिळते. उंदीर सगळा गिळणाऱ्या घुबडाला ते आपोआप मिळते. केवळ मांसाचे तुकडे मिळणाऱ्या पिंजऱ्यातील पक्ष्याला मिळत नाही, कारण स्नायूंत त्याचे प्रमाण फार कमी असते.

या जीवनसत्त्वाच्या मोजणीत एक महत्त्वाची अडचण आहे. यकृतातील साठा जवळजवळ संपेपर्यंत शरीर रक्तातील रेटिनॉलची पातळी टिकवून धरते. त्यामुळे रक्तातील आकडा योग्य दिसला तरी यकृताची कोठी रिकामी होत आलेली असू शकते. तो घसरलेला दिसतो तेव्हा उणीव बरीच जुनी झालेली असते. उणिवेमुळे तोंड, श्वासमार्ग आणि मूत्रवाहिन्या यांचे मऊ अस्तर जाड व कोरडे होते. मूत्रवाहिन्या अरुंद झाल्या की युरिक आम्ल शरीरात साचते आणि हृदय, यकृत इत्यादी अवयवांवर पांढरा खडूसारखा थर बसतो.

हीच अवस्था डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने मेलेल्या गिधाडांतही दिसते. औषध दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन दक्षिण आशियातील गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. मृत पक्ष्याच्या अवयवांवरचा पांढरा थर दिसताच औषधाचे निदान करता येत नाही, हा त्यातील शास्त्रीय मुद्दा आहे. जीवनसत्त्व अ ची उणीव, पाण्याची कमतरता व संसर्ग ही कारणे तपासून वगळावी लागतात आणि मूत्रपिंडात औषधाचा अंश शोधावा लागतो.

कॅरोटिनॉइडे ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये जीवनसत्त्वांच्या बरोबरीनेच मोजली जातात. शिकारी पक्ष्यांच्या चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती आणि पायांवर जो पिवळा रंग दिसतो तो यांचाच असतो. यांतील ल्युटीन व झिअॅक्सँथिन यांपासून जीवनसत्त्व अ बनत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. पिवळेधमक पाय म्हणजे भरपूर जीवनसत्त्व अ, असे समीकरण मांडता येत नाही. सस्तन प्राण्यांच्या मांसात ही रंगद्रव्ये नगण्य असतात. असे असताना पांढऱ्या गिधाडाचा (याला इजिप्शियन गिधाड असेही म्हणतात) चेहरा हळदीसारखा पिवळा कसा, या प्रश्नाचे उत्तर स्पेनमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. हे गिधाड गाई, शेळ्या व मेंढ्यांचे शेण आणि लेंड्या खाते व त्यांतून त्याला ल्युटीन मिळते. महाराष्ट्रात गावाबाहेर उकिरड्यावर आणि गुरांच्या वाड्याजवळ हे गिधाड चोचीने शेण उकरताना दिसते. लोक त्याला घाणेरडे म्हणतात, पण ते आपल्या चेहऱ्याचा रंग तेथून मिळवीत असते.

गोड्या पाण्यातील माशांत जीवनसत्त्व अ चे दुसरे एक रूप (अ२) असते. मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या रक्तात हे रूप उतरते. म्हणजे रक्ताचा थेंब केवळ प्रकृतीच नव्हे, तर पक्ष्याचा आहारही सांगू शकतो.

जीवनसत्त्व ड, कॅल्शियम आणि हाडे

पक्ष्यांना ड३ हे रूप लागते. वनस्पती व बुरशीपासून मिळणारे ड२ त्यांच्या शरीरात फारच कमी परिणामकारक ठरते. पिसांनी झाकलेल्या अंगावर ऊन पोचत नाही, म्हणून ड३ त्वचेत बनते ते मुख्यतः उघड्या भागांत. कोंबड्यांवरील प्रयोगांत त्याचे पूर्वद्रव्य पायांच्या उघड्या त्वचेत सर्वाधिक आढळले. रात्री हिंडणाऱ्या आणि बोटांपर्यंत पिसे असणाऱ्या घुबडांना भक्ष्याच्या यकृतातून व चरबीतून मिळणाऱ्या ड३ चा आधार अधिक महत्त्वाचा ठरतो. रक्तात मोजले जाते ते यकृतात तयार होणारे त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप. आहार आणि ऊन या दोन्हींची बेरीज त्यात दिसते, म्हणून सर्व जीवनसत्त्वांत हाच आकडा सर्वांत बोलका मानला जातो.

परंतु ड एकटे काही करू शकत नाही. निव्वळ मांसात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण १:२० असे असते. हाडांत ते सुमारे २:१ असते. हाडे काढलेल्या मांसावर वाढवलेल्या पिलाची हाडे काही आठवड्यांतच मऊ पडून वाकतात. माणसाच्या मुलांतील मुडदुसाशी या विकाराचे साम्य आहे. दिवसा शिकार करणाऱ्या ससाणे-शिक्र्यांच्या जठरातील आम्ल तीव्र असल्याने ते हाडे बऱ्याच अंशी पचवतात. घुबडे मात्र पुष्कळशी हाडे केसांसह गोळ्याच्या रूपाने ओकून टाकतात.

हाडांची उणीव रानातही उद्भवू शकते, याचे ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. तेथील केप गिधाडांच्या पिलांचे पंख वाकडे व मोडलेले आढळू लागले, तेव्हा १९७० च्या दशकात त्याचे कारण उलगडले. पशुपालन क्षेत्रांतून तरस नाहीसे झाले होते. तरस मोठी हाडे फोडतात आणि त्यांचे तुकडे गिधाडे पिलांना भरवतात. हाडे फोडणारेच उरले नाहीत तेव्हा पिलांना कॅल्शियम मिळेना. मग फोडलेली हाडे व मृत जनावरे ठेवण्याची ठिकाणे तयार झाली आणि त्यांना 'गिधाड उपाहारगृह' हे काहीसे विनोदी नाव मिळाले. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्य आणि नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळचे खोरीपाडा येथे अशी ठिकाणे आहेत. येथे त्यांचा हेतू मुख्यतः वेदनाशामकांपासून मुक्त असे अन्न पुरवण्याचा आहे.

जीवनसत्त्व के आणि उंदीरनाशके

यकृतात तयार होणारे रक्त गोठवणारे काही घटक जीवनसत्त्व के शिवाय कार्यक्षम होत नाहीत. वापरलेले के शरीर एका विकराच्या साहाय्याने पुन्हा वापरायोग्य करून घेते. वॉरफॅरिन, ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम ही उंदीरनाशके नेमका हाच विकर बंद पाडतात. उंदराचे रक्त गोठेनासे होते आणि काही दिवसांत तो अंतर्गत रक्तस्रावाने मरतो.

या 'काही दिवसांत'च सगळा धोका साठलेला आहे. विष खाल्लेला उंदीर मरण्यापूर्वी मंद होतो, दिवसाही उघड्यावर येतो आणि सर्वांत सोपी शिकार ठरतो. ब्रोमॅडिओलोनसारखी दुसऱ्या पिढीतील विषे उंदराच्या यकृतात दीर्घकाळ टिकतात आणि यकृतासह उंदीर गिळणाऱ्या गव्हाणी घुबडात, पिंगळ्यात वा कापशी घारीत जमा होत जातात. जे यकृत पक्ष्याला जीवनसत्त्व अ आणि ड पुरवते, तेच त्याचे जीवनसत्त्व के निकामी करणारे विषही पुरवते. अशा पक्ष्याला बाहेरून जखम नसते; तो निस्तेज दिसतो, तोंडाची आतली त्वचा फिकट पडते आणि किरकोळ खरचटल्यावरही रक्त थांबत नाही. निदानासाठी रक्तातील के मोजण्याऐवजी रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजतात. वेळीच लक्षात आल्यास पशुवैद्य जीवनसत्त्व के१ देऊन, कित्येक आठवडे उपचार करून पक्षी वाचवू शकतात.

भारतात शेतीसाठी झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोन ही दोन उंदीरनाशके प्रामुख्याने वापरली जातात. झिंक फॉस्फाइडची क्रिया वेगळी असते. त्यापासून पोटात विषारी वायू बनतो आणि त्यावर जीवनसत्त्व के चा काहीही उपयोग होत नाही.

इतर जीवनसत्त्वे

जीवनसत्त्व ई हे चरबीसोबत रक्तात वाहते, म्हणून त्याचे प्रमाण त्या त्या वेळच्या आहारानुसार झपाट्याने बदलते; बंदिस्त बहिरी ससाण्यांच्या अभ्यासांतही आहार आणि रक्तातील ई यांचा असा संबंध दिसला आहे. फार दिवस गोठवून ठेवलेल्या भक्ष्यातील चरबी खवट होताना ई नष्ट होते.

ब१ ची उणीव रानातील उंदीर-सरडे खाणाऱ्यांपेक्षा केवळ मासे खाऊ घातलेल्या पक्ष्यांत अधिक संभवते. काही जातींच्या कच्च्या माशांत थायामिनचे विघटन करणारा विकर असतो आणि मासे गोठवल्यावरही तो आपले काम करीत राहतो. अशा पक्ष्याची मान मागे वळते आणि तो आकाशातील तारे न्याहाळीत असल्यासारखा दिसतो.

'क' जीवनसत्त्व शिकारी पक्षी स्वतःच तयार करतात. या ज्ञानात भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे. १९५८ मध्ये कोलकात्यातील रॉय आणि गुहा यांनी दाखवून दिले की, आपल्या अंगणातला बुलबुल माणसाप्रमाणेच हे जीवनसत्त्व बनवू शकत नाही. पुढे १९६९ मध्ये चौधुरी आणि चॅटर्जी यांनी अनेक पक्षीकुलांची तुलना करून सांगितले की, जुन्या कुलांतील पक्षी ते मूत्रपिंडात बनवतात, काही गाणारे पक्षी यकृतात बनवतात आणि काहींनी ही शक्ती गमावलेली आहे.

मोजणीची पद्धत

रक्त सामान्यतः पंखाखालच्या, मानेच्या किंवा पायाच्या शिरेतून घेतात. निरोगी पक्ष्याच्या वजनाच्या १ टक्क्याहून अधिक रक्त एका वेळी घेऊ नये, असा दंडक आहे. सुमारे २४० ग्रॅम वजनाच्या रानपिंगळ्यासाठी ही कमाल मर्यादा जेमतेम २.४ मिलिलिटर ठरते; प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ कमी घेतले जाते. रेटिनॉल प्रकाशाने नष्ट होते, म्हणून नमुना अंधारात व थंड ठेवून रक्तद्रव लगेच वेगळा करतात आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गोठवून ठेवतात. अ आणि ई यांचे प्रमाण द्रव वर्णलेखनाने (एचपीएलसी) एकाच वेळी मोजता येते. ब१ मात्र मुख्यतः रक्तपेशींत असते, त्यामुळे त्यासाठी संपूर्ण रक्त लागते.

आकडा वाचताना वय, ऋतू आणि लिंग यांची नोंद नसेल तर तो निरर्थक ठरतो. अंडी घालण्याच्या काळात मादी आपल्या शरीरातील अ, ई आणि कॅरोटिनॉइडे बलकात ओतत असते. घरट्यातील पिलाचे प्रमाण प्रौढांहून वेगळे असते. आणि उपचार केंद्रात आलेला पक्षी बहुधा कित्येक दिवसांचा उपाशी असतो.

खापर परिसर आणि रानपिंगळा

खापर हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील गाव अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर, गुजरातच्या सीमेजवळ आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि पायथ्याशी शेती, अशी या भागाची रचना आहे. याच रांगांत पूर्वेकडे तळोदा आणि शहाद्याची सागवानी जंगले लागतात.

रानपिंगळ्याचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. नमुना आदल्या वर्षी ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमध्ये मिळवला होता. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाच दिसला नाही. मधल्या काळातील एकमेव नोंद रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांची होती. तो नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर मांडवी, १९१४ अशी खोटी चिठ्ठी लावल्याचे पुढे उघड झाले. खोटी नोंद बाजूला सारल्यावर खऱ्या जागांचा शोध सुरू झाला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ हा पक्षी ११३ वर्षांनी पुन्हा दिसला. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. पुढे मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा येथेही त्याच्या नोंदी झाल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले.

संग्रहालयांतील वाळलेल्या कातड्यांवरून पंखाची लांबी मोजता येते, रक्तातील जीवनसत्त्वे मोजता येत नाहीत. म्हणून १९९७ नंतरचे जिवंत पक्ष्यांचे निरीक्षण मोलाचे ठरते. रानपिंगळा इतर पिंगळ्यांपेक्षा दिवसा अधिक सक्रिय असतो आणि सकाळी उघड्या फांदीवर उन्हात बसतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी ओकलेल्या गोळ्या तपासून व निरीक्षणे करून त्याच्या आहाराची नोंद केली. त्यात सरडे-सापसुरळ्या सुमारे ६० टक्के, उंदीरवर्गीय प्राणी १५ टक्के, पक्षी २ टक्के आणि उरलेले कीटक व बेडूक होते. हा आहार पोषणाच्या दृष्टीने समतोल आहे. सापसुरळी सगळी गिळली जाते, म्हणजे हाडे व यकृत दोन्ही मिळतात. कीटकांत कॅल्शियम कमी असते, ती उणीव सरडे व उंदीर भरून काढतात. पक्ष्याला हात न लावता त्याच्या पोषणाचा अंदाज घेण्याचा हा मार्ग अशा दुर्मिळ जातीसाठी रक्ततपासणीपेक्षा श्रेयस्कर आहे.

जंगल तोडून शेत झाले की हे ताट बदलते. सरडे कमी होतात, शेतातले उंदीर वाढतात आणि त्यांच्यासोबत उंदीरनाशकही येते. रानपिंगळा शेताच्या कडेलाही शिकार करतो, त्यामुळे के जीवनसत्त्वाचा वर सांगितलेला धोका त्याला लागू पडतो.

सापडलेल्या पक्ष्याचा आहार

वादळात घरट्यातून पडलेले पिंगळ्याचे किंवा शिक्र्याचे पिलू गावकरी दयाबुद्धीने घरी आणतात आणि दूध-पोळी किंवा खिमा भरवतात. दूध पक्ष्यांना पचत नाही आणि खिम्यात ना हाडे असतात ना यकृत. पिलू चार-सहा आठवडे धष्टपुष्ट दिसते आणि मग त्याचे पाय वाकतात. वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. उपचार केंद्रांत अशा पक्ष्यांना पिसे-हाडांसह सगळे भक्ष्य देतात. उलटपक्षी, जीवनसत्त्वांच्या मानवी गोळ्या अंदाजाने देणेही धोक्याचे आहे, कारण अ आणि ड शरीरात साठतात व अतिरेक झाल्यास विषारी ठरतात. पिलाला इजा नसेल तर जवळच्या फांदीवर ठेवणे उत्तम. आईबाप त्याला शोधून भरवतात. इजा असल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

रानपिंगळा आणि गिधाडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये समाविष्ट आहेत. त्यांना पकडणे, घरी पाळणे किंवा संशोधनासाठीही परवानगीविना त्यांचे रक्त घेणे हा गुन्हा आहे.